माझ्या कातडीची राणी

मृत्युंजयबद्दल लिहायचं तर आधी त्याचं चांगलं लिहावं लागतं, आणि तिथंच माझं डोकं फिरतं. कारण चांगलं पुष्कळ आहे. नुसता हरामखोर असता तर चार ओळींत उरकला असता.

लातूरच्या एका क्लासमध्ये आम्ही दोघं कामाला होतो. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारा क्लास, लातुरात दर दहा पावलांवर असतो तसला. मी प्रश्नपत्रिकांमधले जीवशास्त्राचे प्रश्न तपासायची आणि तो आकृत्या काढायचा. हृदयाचा छेद, मूत्रपिंडाचा छेद, त्वचेचा छेद. त्याच्या आकृत्या इतक्या नीट असायच्या की आमचे सर त्यात चूक शोधायचे आणि सापडली नाही की चिडायचे.

मूळचा तो निलंग्याकडचा. घरी आईशी कन्नड, आमच्याशी मराठी, हिशेब मात्र मनातल्या मनात कन्नडमध्येच. कपाळाला विभूती, शर्टाच्या खिशात कंगवा, आवाज कधी चढलेला ऐकला नाही. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, म्हणून मला ‘ताई’ आणि ‘तुम्ही’. धपाटे आणले की पहिला माझ्या डब्यात पडायचा. घरात काय चाललंय हे मी त्याला सांगायची आणि तो ऐकून घ्यायचा. मधे बोलायचा नाही आणि सल्लाही द्यायचा नाही. एवढं शहाणपण आमच्या घरात कुणाकडे नव्हतं.

आकृत्यांसाठी त्याला चांगला कॉम्प्युटर दिला होता आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर गेम चालायचा. तलवारी, किल्ले, ड्रॅगन, गावोगाव हिंडणारा नायक, असला लांबलचक गेम. खेळ सुरू करण्याआधी तुमचं माणूस तुम्हीच घडवायचं. नाक, जबडा, डोळ्यांतलं अंतर, सगळ्याला एकेक पट्टी, ती डावी-उजवी सरकवायची. मृत्युंजयला लढायाबिढायांत गोडी नव्हती. तो माणूस घडवतानाच अडकून पडायचा.

“ताई, हे बघा,” तो म्हणायचा. “शिंगं बारा तऱ्हेची. दाढ्या चाळीस. जखमांचे वण ऐंशी. अन् सावळा रंग एकच. त्योबी कसा, तर गोऱ्या माणसाला चुलीम्होरं बसवल्यावानी.”

खरंच तसा होता. मग तो मॉड करायला लागला. मॉड म्हणजे कंपनीनं विकलेल्या गेममध्ये खेळणाऱ्यांनी आपापल्या घरी बसून केलेली दुरुस्ती. रेडिमेड ब्लाऊज आणून आपण बाहीला टीप मारतो, तसंच ते. फरक एवढाच की ही दुरुस्ती करून ती सगळ्या जगाला फुकट द्यायची. तिची एक मोठी वेबसाइट आहे, तिथं लोक चढवतात आणि लोकच उतरवून घेतात. क्लासला आलेल्या पालकांचे हात, कान, गळे तो टक लावून बघायचा. सावळ्या माणसाचा तळहात किती फिका असतो, बोटांच्या पेरांवर रंग कसा गडद होतो, उन्हातून आल्यावर कानाची पाळी कशी तांबूस दिसते, हे सगळं त्यानं त्या रंगांत आणलं. रंगांना नावं दिली ती लग्नाच्या बायोडेटातली: निमगोरा, गव्हाळ, सावळा. आणखी एक होता, ‘फोटोपुरता गोरा’. त्यावर मी इतकी हसले की डबा सांडला. तेल लावून घातलेला अंबाडा आणि नाकातली चमकी ही माझी फर्माईश. तीही त्यानं केली.

आता माझं सांगते. मला कोड आहे. अठराव्या वर्षी कोपरावर पहिला डाग आला, मग मानेवर, मग मनगटाशी, आणि शेवटी ओठाच्या कोपऱ्याला आणि डाव्या डोळ्याखाली. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. पण मुखेडला आमच्या घरी त्याचं नाव घ्यायचं नाही असा नियम होता. वडील निवृत्त हेडमास्तर, गावात मान. आणि माझ्यामागे देविका. चार वर्षांनी लहान, देखणी, बी. एड. झालेली. थोरलीला कोड आहे म्हटलं की धाकटीला बघायला येणारे वाटेतूनच परततात, हे आईचं पक्कं मत. ती म्हणायची, “देविकाचं होऊ दे, मंग काय उघडं टाकायचं ते टाक. तवर न्हाई.” म्हणून एप्रिलातही पूर्ण बाह्या, तोंडाला आणि मानेला क्रीम, आणि कुणी विचारलं तर उन्हाची ॲलर्जी. माझ्या लग्नाचं कुणी बोलतच नव्हतं, ते आपोआप बाजूला पडलं होतं. मला त्याचा राग यायचा, पण देविकाचा नाही. ती रात्री माझ्या पाठीला औषध लावायची. त्या घरात माझ्या डागांना हात लावणारी तेवढी एकच.

मृत्युंजयला केव्हा कळलं कुणास ठाऊक. बाहीच्या काठाला घासून मनगटावरचं क्रीम निघायचं, तेव्हाच बहुधा. तो काही बोलला नाही. एक वर्षानं, धपाटा मोडता मोडता म्हणाला, “ताई, एक विचारू? रागावणार न्हाई ना?”

“विचार.”

“जखमांचे ऐंशी वण हायत त्या गेममधी. हे एकबी न्हाई.” माझ्या मनगटाकडे बघून त्यानं मान खाली घातली. “तुम्ही म्हणलात तर करीन म्हणतो.”

मी डबा बंद करून उठले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मनात त्याला शिव्या घातल्या, आईला घातल्या, आरशाला घातल्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, “कर. पण नाव कुठं येता कामा नये. आणि चेहऱ्याचा फोटो नाही. हात घे, कोपर घे, मान घे. चेहरा नाही.”

“चेहऱ्याचं मी मनानं करतो, ताई,” तो म्हणाला.

एका रविवारी ऑफिस रिकामं असताना आम्ही फोटो काढले. मी क्रीम धुऊन, बाह्या दुमडून खिडकीशी बसले आणि तो मोबाइल घेऊन हात, कोपर, मान टिपत राहिला. दवाखाना सोडून परक्या माणसासमोर मी पहिल्यांदाच अशी बसले होते. मला लाज वाटली नाही, याचंच मला नवल वाटलं.

महिन्यानं त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, “बघा आता.” पडद्यावर एक बाई उभी होती. सावळी, अंबाडा घातलेली, नाकात चमकी, आणि अंगभर माझे डाग. कोपरावरचा, मानेवरचा, ओठाच्या कोपऱ्यातला. डोळ्याखालचा तर हुबेहूब, त्याला खालून निघालेल्या शेपटीसकट. फोटो काढले त्या दिवशी त्यानं मला बिनक्रीमची बघितलं होतं. मला वाटलं, काय नजर आहे पोराची, एकदा बघितलं आणि मनात ठेवलं. तसं त्याला म्हटलंही. तो नुसता हसला.

मी तिला राणी केलं. पूर्ण बाह्यांचं काही घातलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत मी तिला घेऊन त्या गेममधली गावं हिंडायची आणि बाजारातली माणसं बाजूला होऊन तिला वाट द्यायची. बत्तीस वर्षांच्या बाईनं असल्या गोष्टीत सुख मानावं हे हसण्यासारखंच आहे, तर हसा. मी सुखात होते. मॉड वेबसाइटवर चढला आणि पहिल्या आठवड्यातच हजारो लोकांनी तो उतरवून घेतला. कुठल्याशा देशातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, मला हे पाच वर्षांची असल्यापासून आहे आणि आज पहिल्यांदा माझा नायक माझ्यासारखा दिसला. मृत्युंजयनं ते मला वाचून दाखवलं.

एप्रिलात देविकाचं जमलं. मुदखेडचं घर, शेतीवाडी भरपूर, मुलगा मिहिर पुण्यात नोकरीला. मुखेडला आमच्या अंगणात मांडव घालून साखरपुडा झाला. मिहिरची आई उमाबाई हसतमुख. त्यांनी स्वतः बसून देविकाला बांगड्या भरल्या. मी बाह्या आणि क्रीम सांभाळत वाढत होते. पंगतीनंतर मिहिर गप्पा मारायला लागला, आणि निघालं काय, तर तोही गेम खेळतो. त्यातलं माणूस घडवायची किती बोंब आहे, असं तो म्हणाला. झालं. माझा अभिमान उसळून वर आला. म्हटलं, “आमच्या ऑफिसातल्या मुलानं त्याचा मॉड केलाय.” मॉडचं नावही सांगितलं. एवढं बोलायची गरज नव्हती. पण माझी राणी कुणाला तरी माहीत व्हावी असं वाटलं असेल मला.

मे महिन्यात त्या वेबसाइटवर कुणीतरी मृत्युंजयवर आरोप केला की ही कातडी दुसऱ्याच्या मॉडमधून चोरलेली आहे. तिथं याला फार मोठा गुन्हा मानतात. स्वतःचं काम असल्याचा पुरावा द्या, नाहीतर मॉड काढून टाकू आणि तुमचं नाव चोरांच्या यादीत जाईल, असा नियम. मृत्युंजयनं पुरावा दिला. माझे मूळ फोटो तिथं लावले. कुणीही बघावेत असे, चर्चेच्या पानावर. मला एका शब्दानं विचारलं नाही.

मी सांगितलं म्हणून मिहिर तो मॉड शोधत तिथं गेला. त्यानं फोटो बघितले आणि आईला मोबाइल दाखवला. चार दिवसांनी मध्यस्थाचा वडिलांना फोन आला. मी सुट्टीला मुखेडला होते, समोरच बसले होते. फोन ठेवून वडील बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “सोयरीक मोडली. ते म्हणतात, कोडाचं आम्हाला काही वाटत न्हाई. पण लपवलं कामून? अजून काय काय लपवलं असंल?” आई आत गेली आणि निवडलेली डाळ पुन्हा निवडायला बसली. देविका माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं लातूरला आले आणि थेट त्याच्या टेबलाशी गेले. त्यानं माझं तोंड बघितलं आणि उभा राहिला.

“मला चोर म्हणाले, ताई,” तो म्हणाला. डोळ्यांत पाणी. “समद्या जगासमोर चोर. मी एक रेघबी कुणाची घेतली न्हाई. तुम्हाला ठावं हाय.”

“मग म्हणू द्यायचं होतंस. ते कोण लागून गेले तुझे? तुझ्या दारात येणार होते का?”

“तीन वर्सांचं काम हाय ताई माझं.”

“आणि माझ्या बहिणीचं लग्न?” मी ओरडले. ऑफिसातली सगळी माना वर करून बघायला लागली, म्हणून आवाज खाली आणला. “चेहरा टाकलास का?”

“चेहरा कुठून टाकू? तुम्ही दिलाच न्हाई.” त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. “गोंदणावरून वळखलं असंल. मनगटाच्या फोटोत हाय ते. तुम्ही झाका म्हणला न्हाई, माझ्याबी ध्यानात आलं न्हाई. काढले आता समदे फोटो. नका बघू तुम्ही, उगं तरास.”

माळेगावच्या जत्रेत देविकानं आणि मी मिळून मनगटावर एकसारखा मोर गोंदवून घेतला होता, मशीनवाल्याकडून. मी अकरावीत होते, ती सातवीत. उमाबाईंनी बांगड्या भरताना देविकाचं मनगट हातात धरलं होतं. म्हणजे चूक माझीच. त्यानं फोटो टाकले हे खरं, पण ओळख मी ठेवली. गोंदणावर क्रीम लावायला मला काय झालं होतं?

घरी मी तसंच सांगितलं. देविका एवढंच म्हणाली, “तू गोंदण तरी झाकायचं होतंस, ताई.” त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली, मग तेही थांबलं. दिवाळीच्या आधी नांदेडला एका कातडीच्या डॉक्टरकडे जाऊन तिनं तो मोर लेझरनं काढून घेतला. चार वेळा जावं लागलं. फार भाजतं म्हणतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. भाऊबीजेला चुलतभावाला ओवाळताना तिनं ताम्हण उचललं, तेव्हा मनगटावर मोराच्या जागी नुसती गुलाबी, चकचकीत कातडी दिसली. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो काढून घेतला.

मृत्युंजयचं मात्र भलं झालं. आरोप खोटा ठरला, मॉडचं नाव दुप्पट झालं, आणि त्याच्या जोरावर हैदराबादला गेम बनवणाऱ्या एका कंपनीनं त्याला बोलावून घेतलं. निरोपाला शाल-श्रीफळ दिलं. सर म्हणाले, आरतीताई, दोन शब्द बोला. मी बोलले! एवढी मी शहाणी. म्हटलं, हातात कला असलेला आणि मनानं साधा मुलगा आहे हा. माणूस घाबरला की चुकतो, असं मी त्या सहा महिन्यांत स्वतःला इतक्यांदा बजावलं होतं की ते मला खरं वाटायला लागलं होतं. तो पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

परवा फेब्रुवारीत मी नांदेडच्या बसस्टँडवर मुखेडच्या गाडीची वाट बघत होते. आता मी क्रीम लावत नाही आणि अर्ध्या बाह्या घालते. यात शौर्य वगैरे काही नाही, लपवण्यासारखं कुणापासून उरलं नाही एवढंच. शेजारच्या बाकावरून एक बाई उठून आली.

“आरती न्हवं का तू? हेडमास्तरची?”

उमाबाई होत्या. मी उठून नमस्कार केला. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. “देविका कशी हाय?” म्हणाल्या. मी म्हटलं, बरी आहे, उमरीला शाळेवर लागली आहे.

“माझ्या मनात कोडाचं काय न्हवतं गं बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्या मावशीला हुतं. तिच्या हातची भाकर खाऊन मोठी झाले मी. पर तुमी लोकांनी आमाला येवढं परकं समजलं, हे लई लागलं. मिहिरच्या बापानं तर जेवण सोडलं हुतं दोन दिस.”

“चुकलंच आमचं,” मी म्हणाले. “आणि माझं जास्त. मी गोंदण झाकायला पाहिजे होतं.”

“गोंदण? कसलं गोंदण?”

“हे.” मी मनगट पुढे केलं. “देविकालाही असंच होतं. फोटोत यावरूनच ओळखलंत ना तुम्ही?”

त्यांनी चष्मा लावून मोराकडे बघितलं. मग माझ्याकडे. “मला न्हाई बाई दिसला ह्यो मोर. हाताबिताचे फोटो असतील, मी काय बघितले न्हाईत. मिहिरनं एकच दावला. त्यात तुझं तोंडच हुतं की समदं. नळाखाली तोंड धुवून ऱ्हायली हुतीस. डोळे मिटलेले, गालाला साबन. मिहिर म्हणला, आई, ही देविकाची बहीण न्हवं का? म्हणलं, हाव, तीच.”

त्यांची मुदखेडची गाडी लागली. त्या पिशवी सावरत उठल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गर्दीत गेल्या. मी तशीच बसून राहिले. देविकाला फोन लावावा म्हणून मोबाइल काढला आणि हातातच ठेवला. काय सांगणार होते तिला? की उगाच भाजून घेतलंस?

त्या रविवारी मानेवरचं क्रीम धुताना ते ओघळून सगळ्या तोंडाला लागलं होतं, म्हणून ऑफिसच्या बोळातल्या बेसिनवर मी तोंडही धुवायला घेतलं. तो मागेच उभा होता. साबण डोळ्यांत गेला आणि झोंबायला लागला. मी डोळे घट्ट मिटून, हात मागे करून टॉवेल मागितला.

“थांबा ताई, देतो,” तो म्हणाला. “एकच मिनिट. हलू नका, पाणी सांडंल.”

मी हलले नाही.